विश्लेषण : ईमेलमधील लिंक नेमकी कुठे नेते? जीमेल, आउटलुक, ॲपल मेल, थंडरबर्ड यांच्यात फरक काय?

‘लिंकवर क्लिक करण्यापूर्वी पत्ता तपासा’ हा सल्ला बँका, पोलीस आणि कार्यालये सतत देत असतात. मात्र तो पत्ता वापरकर्त्याला जसाच्या तसा दाखवायचा, बदलून दाखवायचा की बटणामागे झाकलेलाच ठेवायचा, हे बऱ्याच अंशी ईमेल प्रोग्रॅमच्या हाती असते. जीमेल, आउटलुक, ॲपल मेल आणि थंडरबर्ड यांनी या प्रश्नाची चार वेगवेगळी उत्तरे दिली आहेत. त्यांचा रोजच्या वापरावर आणि सुरक्षिततेवर काय परिणाम होतो, याचा आढावा.

हा प्रश्न आताच महत्त्वाचा का?

रिझर्व्ह बँकेने ७ फेब्रुवारी २०२५ रोजी पतधोरण जाहीर करताना भारतीय बँकांसाठी ‘डॉट बँक डॉट इन’ या स्वतंत्र वेबपत्त्याची घोषणा केली. त्यानंतर २२ एप्रिलच्या परिपत्रकात बँकांना या पत्त्यावर जाण्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंतची मुदत देण्यात आली. नोंदणीचे काम हैदराबाद येथील ‘आयडीआरबीटी’ या संस्थेकडे सोपवण्यात आले. बँकेचे संकेतस्थळ खरे की बनावट, हे ग्राहकाला पत्त्याच्या शेवटच्या भागावरून ओळखता यावे, हा त्यामागील हेतू आहे.

एसएमएसबाबत दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने याआधीच वेगळा मार्ग धरला. १ ऑक्टोबर २०२४ पासून व्यावसायिक एसएमएसमधील लिंक आधी नोंदवून मंजूर करून घ्यावी लागते. नोंद नसलेली लिंक असलेला संदेश पुढे जाऊ दिला जात नाही. ईमेलमध्ये असे करता येत नाही. ईमेलची व्यवस्था कोणत्याही एका कंपनीच्या किंवा एका देशाच्या नियामकाच्या ताब्यात नाही. जगातील कोणीही कोणालाही, कोणतीही लिंक पाठवू शकतो. त्यामुळे चाळणी लावण्याची जबाबदारी ईमेल सेवा देणाऱ्या कंपनीवर आणि ईमेल वाचण्याच्या प्रोग्रॅमवर येऊन पडते.

केंद्र सरकारच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांची ईमेल व्यवस्था झोहो या भारतीय कंपनीच्या मंचावर नेण्यात आल्याचे वृत्त ऑक्टोबर २०२५ मध्ये आले. त्याच महिन्यात केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनीही झोहो मेलचा पत्ता जाहीर केला. तेव्हापासून ‘कोणता मेल चांगला’ ही चर्चा रंगली आहे. तिचा रोख प्रामुख्याने विदा कुठे साठवला जातो यावर आहे. सामान्य वापरकर्त्याला मात्र त्याहून अधिक वेळा भिडणारा प्रश्न साधा आहे : आलेल्या लिंकवर बोट ठेवले की पुढे काय होते?

ईमेलमधील लिंकची रचना कशी असते?

ईमेल दोन प्रकारे लिहिलेला असतो. पहिला प्रकार साध्या मजकुराचा. त्यात वेबपत्ता अक्षरश: लिहिलेला असतो आणि वाचणारा प्रोग्रॅम तो ओळखून त्याची निळी, क्लिक करता येणारी लिंक बनवतो. दुसरा प्रकार एचटीएमएलचा, म्हणजे वेबपानासारखा सजवलेला. त्यात लिंकचे दोन भाग असतात. एक डोळ्यांना दिसणारा मजकूर किंवा बटण आणि दुसरा त्यामागे दडलेला खरा पत्ता. या दोघांचा मेळ बसलाच पाहिजे, असे कोणतेही तांत्रिक बंधन नाही. दिसताना बँकेचा पत्ता दिसेल आणि क्लिक केल्यावर भलतेच पान उघडेल, अशी फसवणूक याच फटीतून होते.

मात्र मेळ न बसणे म्हणजे दर वेळी लबाडीच, असेही नाही. वृत्तपत्रिका, खरेदीच्या पावत्या, बँकांची प्रचारपत्रे हे सारे अनेकदा मोठ्या प्रमाणावर ईमेल पाठवणाऱ्या कंपन्यांमार्फत येते. किती जणांनी कोणत्या लिंकवर क्लिक केले याची मोजणी करण्यासाठी या कंपन्या प्रत्येक लिंक आधी स्वत:च्या सर्व्हरवर नेतात आणि तिथून मूळ पानाकडे वळवतात. म्हणजे ईमेल अस्सल असला तरी बटणामागचा पत्ता अनोळखी असू शकतो. ‘डॉट बँक डॉट इन’ची खूण क्लिक करण्यापूर्वी दिसेलच, याची खात्री त्यामुळे देता येत नाही.

जीमेल लिंकचे काय करते?

संगणकावरील ब्राउझरमध्ये जीमेल उघडून एखाद्या लिंकवर माउसचा बाण नेला, की खिडकीच्या तळाशी मूळ पत्ता दिसतो. क्लिक केल्यावर मात्र ती विनंती आधी गुगलच्या सर्व्हरवरून जाते आणि मग मूळ पानाकडे वळते. हा प्रवास क्षणार्धात होत असल्याने बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. पान धोकादायक असल्याचा संशय असेल तर मध्येच इशारा देणारे पान उघडते. अँड्रॉइडवरील जीमेलमध्ये अशी तपासणी मे २०१७ मध्ये आली आणि आयफोनवर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये.

मे २०१७ हाच महिना आणखी एका घटनेमुळे लक्षात राहिला. ३ मे रोजी ‘गुगल डॉक्स’च्या निमंत्रणाच्या रूपात एक बनावट ईमेल झपाट्याने पसरला. त्यातील लिंक गुगलच्याच खऱ्या साइन-इन पानावर नेत होती. तिथे ‘गुगल डॉक्स’ असे नाव धारण केलेले एक परके ॲप मेल वाचण्याची परवानगी मागत होते. गुगलने ते तासाभरात रोखले आणि ०.१ टक्क्यापेक्षा कमी वापरकर्त्यांना त्याचा फटका बसल्याचे सांगितले. मात्र पत्ता तपासण्याच्या सल्ल्याची मर्यादा त्यातून उघड झाली. इथे पत्ता खरा होता. खोटी होती ती त्या पानावर मागितलेली परवानगी.

जीमेलच्या पद्धतीचा फायदा असा की मूळ मजकुराला हात लागत नाही आणि बाण नेल्यावर पत्ता स्वच्छ वाचता येतो. दुसरी बाजू अशी की कोणत्या लिंकवर क्लिक झाले, ती वाट गुगलमधून जाते.

आउटलुकची ‘सेफ लिंक्स’ व्यवस्था काय आहे?

मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये कार्यालयीन ग्राहकांसाठी ‘सेफ लिंक्स’ ही सुविधा आणली. आता ती ‘डिफेंडर फॉर ऑफिस ३६५’चा भाग आहे. मायक्रोसॉफ्ट ३६५चे वैयक्तिक सदस्यत्व घेणाऱ्यांच्या आउटलुक डॉट कॉम खात्यांनाही असे संरक्षण मिळते. कार्यालयीन खात्यांत सर्रास दिसणारी पद्धत अशी की, ईमेल पेटीत पडण्यापूर्वीच त्यातील प्रत्येक लिंक बदलली जाते. मूळ पत्ता मायक्रोसॉफ्टच्या पत्त्यात गुंडाळला जातो. वापरकर्ता क्लिक करतो तेव्हा, म्हणजे ईमेल आल्यानंतर दोन तासांनी असो वा दोन महिन्यांनी, त्या क्षणी मूळ पानाची तपासणी होते.

यामागे ठोस कारण आहे. फसवणूक करणारे ईमेल पाठवताना लिंकमागे निरुपद्रवी पान ठेवतात. सुरक्षा चाळणीतून ईमेल पार झाला, की मग ते पान बदलतात. ईमेल येतानाच केलेली तपासणी अशा वेळी उपयोगाची ठरत नाही. क्लिकच्या वेळची तपासणी हा डाव हाणून पाडू शकते.

याची किंमतही मोजावी लागते. गुंडाळलेला पत्ता शेकडो अक्षरांचा होतो आणि त्यात मूळ पत्ता चिन्हांच्या गर्दीत हरवतो. आउटलुकच्या नव्या आवृत्त्यांत बाण नेल्यावर मूळ पत्ता दाखवण्याची सोय आहे. पण तोच ईमेल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडला किंवा कोणाला पुढे पाठवला, की लांबलचक रूपच समोर येते. साध्या मजकुराच्या ईमेलमध्ये तर या लांब पत्त्यांमुळे मूळ मजकूर वाचणेही कठीण होते. शिवाय क्लिकची नोंद ठेवण्याची सोय या व्यवस्थेत आहे. ती सुरू असेल तर कोणत्या कर्मचाऱ्याने कोणती लिंक कधी उघडली, हे कार्यालयाच्या संगणक विभागाला पाहता येते. कार्यालयीन मेलवर खासगी पत्रव्यवहार करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेले बरे.

एज ब्राउझरचा वाद काय होता?

लिंक तपासून झाली, तरी ती कोणत्या ब्राउझरमध्ये उघडायची हा प्रश्न उरतोच. संगणकावर वापरकर्ता आपल्या आवडीचा ब्राउझर एकदा निवडतो आणि सर्व लिंक त्यातच उघडाव्यात अशी त्याची अपेक्षा असते. मायक्रोसॉफ्टने मार्च २०१८ मध्ये विंडोज १०च्या चाचणी आवृत्तीत ‘मेल’ ॲपमधील लिंक थेट एज ब्राउझरमध्ये उघडण्याचा प्रयोग केला. टीका झाल्यावर तो मागे घेण्यात आला.

पाच वर्षांनी, २०२३ मध्ये, तीच कल्पना वेगळ्या रूपात परतली. विंडोजवरील आउटलुकमधील लिंक एजमध्ये उघडतील आणि वेबपानाच्या शेजारीच ईमेलही दिसेल, असे कंपनीने जाहीर केले. ईमेल आणि पान शेजारी असल्याने काम सोपे होते, हा कंपनीचा युक्तिवाद होता. क्रोम किंवा फायरफॉक्समध्ये आपले पासवर्ड, खुणा आणि साइन-इन साठवलेल्यांना मात्र हा उपद्रव वाटला. नव्या ब्राउझरमध्ये पुन्हा साइन-इन करावे लागते आणि ‘पासवर्ड टाका’ असे पान समोर येण्याची सवय होते. फसवणूक करणाऱ्यांना हीच सवय हवी असते.

ही व्यवस्था बदलता येते. आउटलुकच्या जुन्या डेस्कटॉप आवृत्तीत फाइल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड या क्रमाने गेल्यास लिंक एजमध्ये उघडायच्या की नेहमीच्या ब्राउझरमध्ये, हे निवडता येते. कार्यालयीन संगणकावर हा निर्णय संगणक विभागाने आधीच घेतलेला असू शकतो.

ॲपल मेलचा मार्ग वेगळा कसा?

ॲपलने लिंकच्या वाटेत स्वत:चा सर्व्हर उभा करण्याऐवजी लिंकला चिकटलेल्या खुणा काढण्यावर भर दिला. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या आयओएस १७ आणि मॅकओएस सोनोमापासून मेल, मेसेजेस आणि सफारीच्या खासगी खिडकीत ही सोय आहे. अनेक लिंकच्या शेवटी प्रश्नचिन्हानंतर अक्षरांची लांब माळ असते. तिच्यातील काही खुणा प्रत्येक व्यक्तीला किंवा प्रत्येक क्लिकला वेगळ्या असतात आणि त्यावरून माणसाचा माग काढता येतो. ॲपल अशा ओळखीच्या खुणा छाटते. ‘ही भेट अमुक मोहिमेतून आली’ एवढेच सांगणाऱ्या सर्वसाधारण खुणा मात्र राहू देते.

या सोयीची मर्यादा स्पष्ट आहे. पाठवणाऱ्या कंपनीने लिंक स्वत:च्या सर्व्हरवरून वळवलेली असेल, तर माग पत्त्याच्या शेपटात नसून पत्त्यातच असतो. तो छाटला तर लिंकच चालणार नाही. त्यामुळे वृत्तपत्रिकांमधील क्लिकची मोजणी ॲपल मेलमध्येही सुरूच राहते.

आयफोनवर आणखी एक गोष्ट माहीत असावी. लिंकवर बोट दाबून धरले की पत्ता दिसेल, या अपेक्षेने लोक तसे करतात. प्रत्यक्षात तिथे त्या पानाची छोटी झलक उघडते, म्हणजे पानाला एका अर्थाने भेट दिली जाते. झलक लपवण्याचा पर्याय एकदा निवडला, की त्यानंतर केवळ पत्ता दिसतो. संशयास्पद लिंक तपासताना हा पर्याय सुरू असणे हिताचे.

थंडरबर्ड कोणासाठी?

मोझिलाच्या छत्राखाली वाढलेल्या थंडरबर्डची पहिली पूर्ण आवृत्ती डिसेंबर २००४ मध्ये आली. अँड्रॉइडवर तो ऑक्टोबर २०२४ मध्ये, ‘के-९ मेल’ या जुन्या ॲपच्या पायावर, दाखल झाला. संगणकावरील थंडरबर्ड लिंक बदलत नाही, स्वत:च्या सर्व्हरवरून वळवत नाही आणि वापरकर्त्याने निवडलेल्या ब्राउझरकडे सोपवून बाजूला होतो. बाण नेल्यावर तळाच्या पट्टीत पूर्ण पत्ता दिसतो. ईमेलमधील बाहेरची चित्रेही तो आपणहून उतरवत नाही. सजावट नको असेल तर प्रत्येक ईमेल साध्या मजकुराच्या रूपात वाचण्याची सोयही आहे.

दिसणारा पत्ता एक आणि मागचा दुसरा असेल, तर क्लिक केल्यावर थंडरबर्ड थांबवतो आणि दोनपैकी कोणत्या संकेतस्थळावर जायचे, असे विचारतो. फसवणुकीची पद्धत समजावून सांगणारा हा सर्वात थेट इशारा म्हणता येईल. त्याची अडचण अशी की मोजणीसाठी वळवलेल्या लिंकमुळे अस्सल वृत्तपत्रिकेवरही तो इशारा येतो. रोज दहा वेळा खोटी घंटा वाजली, की अकराव्या वेळी माणूस न वाचताच ‘पुढे जा’ म्हणतो. शिवाय क्लिकच्या वेळी पानाची ताजी तपासणी करणारा मोठा सर्व्हर थंडरबर्डच्या मागे नाही. ते काम ब्राउझरमधील इशाऱ्यांवर आणि ईमेल पुरवठादाराच्या चाळणीवर सोपवलेले असते.

पहारेकऱ्याच्या नावाचाच गैरवापर होतो का?

होतो. जून-जुलै २०२५ मध्ये ‘प्रूफपॉइंट’ आणि ‘इंटरमीडिया’ या कंपन्यांच्या लिंक गुंडाळण्याच्या सेवांचा गैरवापर झाल्याचे ‘क्लाउडफ्लेअर’ने उघड केले. हल्लेखोरांनी या सेवांचे संरक्षण असलेल्या काही ईमेल खात्यांचा ताबा मिळवला. त्या खात्यांतून पाठवलेली घातक लिंक आपोआप सुरक्षा कंपनीच्या पत्त्यात गुंडाळली गेली. ती पुढे बनावट मायक्रोसॉफ्ट साइन-इन पानावर नेत होती. मिळणाऱ्याला दिसला तो सुरक्षा कंपनीचा विश्वासार्ह पत्ता. काही वेळा त्याआधी लिंक लहान करणाऱ्या सेवेचा आणखी एक थर चढवण्यात आला होता.

या व्यवस्थेतील मूळ पेच इथेच आहे. लिंक गुंडाळल्याने यंत्राला तपासणी करता येते, पण माणसाची तपासणी अवघड होते. वर्षानुवर्षे लोकांना ‘पत्ता वाचा’ असे शिकवले गेले. आता सगळेच पत्ते सुरक्षा कंपनीच्या नावाने सुरू होत असतील, तर वाचण्यासारखे काही उरत नाही.

दुसरी अडचण रोजच्या वापरातील आहे. काही सुरक्षा यंत्रणा ईमेलमधील लिंक वापरकर्त्याच्या आधीच उघडून पाहतात. पासवर्ड बदलण्याची किंवा खाते सुरू करण्याची लिंक अनेकदा एकदाच चालणारी असते. यंत्रणेने ती उघडली की ती वापरली जाते आणि खऱ्या माणसाला ‘लिंकची मुदत संपली’ असा संदेश मिळतो. दोन-तीनदा प्रयत्न करूनही असेच होत असेल, तर कार्यालयीन मेलची सुरक्षा यंत्रणा हे एक संभाव्य कारण असते. ‘सदस्यत्व रद्द करा’ या लिंकबाबतही हाच घोळ होत असे. म्हणून २०१७ मध्ये एका क्लिकमध्ये सदस्यत्व रद्द करण्याचे असे तांत्रिक मानक ठरले, ज्यात लिंक नुसती उघडल्याने काही घडत नाही. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहू यांनी मोठ्या प्रमाणावर ईमेल पाठवणाऱ्यांसाठी लागू केलेल्या नियमांत या सोयीचा समावेश आहे.

मराठी ईमेलमध्ये लिंक का तुटते?

साध्या मजकुरातील पत्ता कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हे प्रोग्रॅमला अंदाजाने ठरवावे लागते. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून लिहिली जातात. त्यामुळे ‘अर्ज अमुक डॉट गव्ह डॉट इनवर भरावा’ असे लिहिताना रोमन पत्त्यालाच ‘वर’ चिकटवण्याची सवय असते. वेबपत्त्यात आता देवनागरी अक्षरेही चालतात. ऑगस्ट २०१४ मध्ये ‘डॉट भारत’ हा देवनागरी वेबपत्ता सुरू झाला, तो याचेच उदाहरण. त्यामुळे प्रोग्रॅम त्या ‘वर’लाही पत्त्याचा भाग समजू शकतो आणि लिंक उघडत नाही. पाठवणाऱ्याच्या प्रोग्रॅममध्ये चाललेली लिंक मिळणाऱ्याकडे चालेलच असे नाही, कारण प्रत्येकाचे अंदाजाचे नियम वेगळे असतात. वाक्याच्या शेवटी येणारा पूर्णविराम आणि कंस यांचाही असाच त्रास होतो.

लांब पत्ता मध्येच तुटण्याचे कारण आणखी जुने आहे. ईमेलच्या तांत्रिक मानकात एका ओळीत ७८ पेक्षा जास्त अक्षरे नसावीत, अशी शिफारस आहे. काही प्रोग्रॅम लांब ओळ तिथे तोडतात आणि पत्त्याचा अर्धाच भाग निळा होतो. पत्ता कोनी कंसात लिहावा, ही शिफारस १९९४ पासून मानकात आहे. त्याहून सोपा उपाय म्हणजे पत्ता स्वतंत्र ओळीवर, मागे-पुढे काहीही न जोडता लिहिणे. शाळा, गृहनिर्माण संस्था आणि कार्यालये यांच्या सूचनापत्रांत एवढे पाळले तरी ‘लिंक उघडत नाही’ अशा बऱ्याच तक्रारी टळतील.

मोबाइलवर अडचण का वाढते?

मोबाइलवर माउसचा बाण नसतो, त्यामुळे क्लिक न करता पत्ता वाचण्याची सोपी वाटच बंद होते. अँड्रॉइडवरील जीमेलमध्ये लिंकवर बोट दाबून धरल्यास पत्ता दिसतो आणि तो कॉपी करता येतो. पण हे किती जण करतात, हा प्रश्नच आहे. त्यातच अनेक ॲप लिंक स्वतंत्र ब्राउझरमध्ये न उघडता ॲपच्या आतच उघडतात. तिथे पत्त्याची पट्टी लहान असते आणि लांब पत्त्याचा काहीच भाग दिसतो. अँड्रॉइडवरील जीमेलमध्ये लिंक जीमेलमध्येच उघडण्याचे सेटिंग बंद करता येते. आयफोनवरील जीमेल कोणता ब्राउझर वापरायचा, हे विचारू शकते. सप्टेंबर २०२० मध्ये आलेल्या आयओएस १४ पासून आयफोनवर सफारीऐवजी दुसरा ब्राउझर कायमचा निवडण्याचीही मुभा आहे.

रोजच्या वापरासाठी कोणता प्रोग्रॅम बरा?

याचे उत्तर वापरणाऱ्यावर अवलंबून आहे. घरातील ज्येष्ठांना किंवा लिंकचा पत्ता वाचण्याची सवय नसलेल्यांना जीमेलसारखी क्लिकच्या वेळी तपासणी करणारी सेवा अधिक आधार देते. मोठ्या कार्यालयात, जिथे एका कर्मचाऱ्याची चूक सगळ्यांना भोवू शकते, तिथे आउटलुकची कडक व्यवस्था समर्थनीय ठरते. मात्र मूळ पत्ता दाखवण्याची सोय सुरू ठेवणे आणि नोंदी कोण पाहतो हे कर्मचाऱ्यांना सांगणे, ही कार्यालयाची जबाबदारी आहे. जाहिरातदारांकडून होणारा पाठलाग नकोसा वाटणाऱ्यांना ॲपल मेल उपयोगी पडतो, पण तो ॲपलच्या उपकरणांपुरताच. लिंक जशी आली तशी पाहायची आणि निर्णय स्वत: घ्यायचा, अशांसाठी थंडरबर्ड आहे. एकच पेटी दोन प्रोग्रॅममध्ये उघडता येते, हेही विसरू नये. जीमेलचे खाते थंडरबर्डमध्ये वाचता येते. मात्र तिथून क्लिक केल्यास जीमेलच्या वेब आवृत्तीतील वळण आणि इशारा मिळत नाही.

वापरकर्त्याने काय करावे?

पत्ता वाचताना सुरुवात पाहून भागत नाही. पहिल्या तिरप्या रेघेच्या आधीचा शेवटचा भाग महत्त्वाचा असतो. ‘बँकेचे नाव डॉट बँक डॉट इन’ आणि लगेच तिरपी रेघ असेल, तर पत्ता बँकेचा आहे. ‘डॉट बँक डॉट इन’च्या पुढे आणखी ‘डॉट’ आणि दुसरेच नाव जोडलेले असेल, तर तो पत्ता त्या शेवटच्या नावाच्या मालकाचा आहे.

पैसे, पासवर्ड किंवा आधार क्रमांक यांच्याशी संबंध असलेल्या कोणत्याही ईमेलमधील लिंक वापरूच नये, हा सर्वात सोपा नियम. बँकेचे ॲप स्वत: उघडावे किंवा ब्राउझरमध्ये पत्ता स्वत: टाइप करावा. ब्राउझरमध्ये साठवलेला पासवर्ड एखाद्या पानावर आपोआप भरला गेला नाही, तर हाताने टाइप करण्याआधी थांबावे. पासवर्ड साठवणारी यंत्रणा पत्ता अक्षरश: ताडून पाहते, माणसासारखी पानाच्या रंगरूपाला भुलत नाही. नकोशी पत्रे बंद करण्यासाठी मजकुरातील लिंकऐवजी प्रोग्रॅमने पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी दिलेले बटण वापरावे. साइन-इन केल्यावर एखादे ॲप ईमेल वाचण्याची परवानगी मागत असेल, तर पत्ता खरा असला तरी ती देण्यापूर्वी विचार करावा.

आणि पैसे गेल्याचे लक्षात येताच वेळ न दवडता १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर कळवावे. राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी संकेतस्थळावरही तक्रार करता येते. ज्या ईमेलमधून फसवणूक झाली तो मात्र पुसून टाकू नये. त्यातील लिंक कोणत्या वाटेने कुठे गेली, हे तपास यंत्रणेला त्या मूळ ईमेलवरूनच शोधता येते.